रात्रपाळीचा पांढरा उजेड : मेटल हॅलाइड दिव्याचे गुण, त्याचा खर्च आणि त्यापुढचा धंदा

विजेच्या सामानाच्या दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो हाच, "बल्ब केवढ्याला?" घरातल्या दिव्यापुरता हा प्रश्न ठीक आहे. पण खाण, रेल्वे साइडिंग, गोदाम, पेट्रोल पंप, मैदान किंवा लग्नाचा मंडप उजळायचा असेल तर हा प्रश्न अपुरा पडतो. मोठ्या दिव्याचा खरा खर्च बल्बच्या खोक्यावर छापलेला नसतो. तो चोकमध्ये, विजेच्या बिलात, शिडीवर चढणाऱ्या माणसाच्या मजुरीत आणि दिवा बंद राहिला त्या वेळच्या नुकसानीत लपलेला असतो. ज्यांनी हा हिशोब न करता ठेका अंगावर घेतला त्यांना पदरमोड करावी लागली, आणि ज्यांनी तो नीट केला त्यांचा जम बसला. म्हणून आज आम्ही या पानावर मेटल हॅलाइड या दिव्याची माहिती देत आहोत. मंडपवाले त्याला नुसते 'मेटल' म्हणतात. गेल्या काही वर्षांत एल.ई.डी.ने त्याची जागा घेतली आहे. तरीही जुने समजल्याशिवाय नवे नीट निवडता येत नाही, असे आम्हांला वाटते.

माजरी आणि उजेडाची गरज

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी हे नागपूर-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे जंक्शन. इथून एक फाटा वणीकडे जातो. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या पट्ट्यात हे गाव येते. १९७३ साली देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिच्या क्षेत्रांपैकी माजरी हे एक. न्यू माजरी, तेलवासा, जुना कुनाडा, नागलोन ही नावे या भागातील प्रत्येक ट्रकवाल्याला, टायरवाल्याला आणि वेल्डरला पाठ असतात, कारण खाणीवर फक्त खाण कामगारच जगत नाही. गॅरेज, खानावळ, सुटे भाग, वायरिंग, भंगार असे कितीतरी धंदे तिच्या आधाराने चालतात.

खुल्या खाणीचे काम तीन पाळ्यांत चालते. रात्रपाळीला शॉव्हेल माती-दगड उचलते, डंपर ते 'ओबी'च्या ढिगावर नेऊन टाकतात आणि मागे घेताना चालकाला कडा कुठे संपते ते दिसले पाहिजे. चालकाची बैठक उंच असते. त्याच्या चाकाजवळ उभा असलेला माणूस त्याला दिवसाही सहज दिसत नाही. मग रात्री काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. कोळसा काळा, त्याच्या जोडीचा शेल दगड करडा, वर धूळ. हे सगळे एकमेकांपासून वेगळे ओळखू यायला हवे. इथे उजेडाचा संबंध थेट माणसाच्या जिवाशी आहे. कोळसा खाण विनियम, २०१७ प्रमाणे पुरेशा उजेडाची सोय करणे ही खाण चालविणाऱ्यांची जबाबदारीच आहे.

एक खुलासा इथेच करून ठेवतो. या लेखातील माहिती उघड्या जागेतील दिव्यांची आहे. भूमिगत खाणीत जिथे ज्वालाग्राही वायूचा धोका असतो तिथे साधी फिटिंग चालत नाही. तिथे मान्यताप्राप्त ज्वालारोधक सामानच लागते आणि ते काम त्या परवान्याच्या माणसानेच करायचे असते.

'हॅलोजन' वेगळा, 'हॅलाइड' वेगळा

बाजारात या दोन नावांचा फार गोंधळ आहे. कोणताही प्रखर दिवा दिसला की लोक त्याला हॅलोजन म्हणतात. हॅलोजन हा साध्या बल्बचाच थोरला भाऊ. त्यात तार असते, ती तापून लाल-पांढरी होते आणि उजेड देते. मेटल हॅलाइडच्या नळीत तापून उजेड देणारी तार नाही. त्यात दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी, म्हणजे आर्क, अखंड पेटत राहते. वेल्डिंग करणाऱ्या आमच्या वाचकांना हे लगेच समजेल. त्यांच्या हातातील आर्क काचेच्या लहानशा कुपीत बंद केली तर जे होईल, त्याच जातीचा हा दिवा आहे.

दिवा पेटतो कसा

बाहेरचा मोठा काचेचा फुगा हे केवळ कवच आहे. खरा दिवा आत असतो. बोटाच्या पेराएवढी किंवा वॅटप्रमाणे थोडी मोठी अशी क्वार्ट्झची नळी त्यात असते. क्वार्ट्झ ही साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसणारी काच. या नळीत आर्गॉन वायू, थोडासा पारा आणि चिमूटभर क्षार भरलेले असतात. हे क्षार म्हणजे धातू आणि आयोडीन यांची संयुगे, उदाहरणार्थ सोडियम आयोडाइड, स्कँडियम आयोडाइड, थॅलियम आयोडाइड. 'मेटल हॅलाइड' हे नाव त्यावरूनच पडले. मेटल म्हणजे धातू आणि हॅलाइड म्हणजे आयोडीन-ब्रोमीनच्या कुळातील संयुग.

बटण दाबताच इग्नायटर हा छोटा डबा काही हजार व्होल्टचे झटके नळीवर टाकतो. त्याने आर्गॉनमध्ये ठिणगी पडते. सुरुवातीला उजेड मंद आणि निळसर असतो. नळी तापू लागली की पाऱ्याची वाफ होते, दाब वाढतो आणि मग क्षार वितळून त्यांचीही वाफ होऊ लागते. पूर्ण उजेड यायला तीन ते पाच मिनिटे लागतात. दिवा खराब आहे असे समजून या वेळात बटण बंद-चालू करणारे लोक आम्ही पाहतो. तसे केल्याने दिवा लवकर जातो.

आता खरी गंमत पुढे आहे. नळीच्या मध्यभागी आर्कचे तापमान पाच हजार अंशांच्या वर जाते. तिथे आयोडाइडची वाफ फुटून धातू वेगळा होतो. हा सुटा झालेला धातूचा अणू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो. सोडियम पिवळा-नारिंगी, थॅलियम हिरवा, इंडियम निळा. स्कँडियम आणि डिस्प्रोशियम असे धातू अनेक रंगांच्या रेषा एकदम देतात. हे सगळे मिसळले की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. पुढे हा अणू नळीच्या भिंतीकडे सरकतो. भिंत आर्कपेक्षा पुष्कळ थंड असते. तिथे धातू पुन्हा आयोडीनला भेटतो आणि पुन्हा क्षार तयार होतो. म्हणजे मोकळा धातू भिंतीला पोहोचून क्वार्ट्झ खात नाही. फुटणे आणि जुळणे हा फेरा दिवा चालू असेपर्यंत अखंड चालतो.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी पाऱ्याच्या दिव्यात असे क्षार घालण्याचे पेटंट १९१२ साली मिळविले होते. पण त्या काळात योग्य काच आणि शुद्ध क्षार नव्हते. ते काम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस त्याच कंपनीतील गिल्बर्ट रिलिंग यांनी तडीस नेले आणि १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हे दिवे लोकांना पाहायला मिळाले. १९९० च्या दशकात क्वार्ट्झऐवजी चिनी मातीच्या जातीच्या सिरॅमिक नळ्या आल्या. त्यांत सोडियम झिरपून जाण्याचे प्रमाण कमी असल्याने दिव्याचा रंग जास्त दिवस एकसारखा राहतो.

या दिव्याचे गुण

पहिला गुण विजेची बचत. साधा बल्ब एका वॅटमागे दहा ते पंधरा ल्युमेन उजेड देतो. ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप, दुधाला जसे लिटर. मेटल हॅलाइड एका वॅटमागे साधारण ७५ ते १०० ल्युमेन देतो. जुना पाऱ्याचा, म्हणजे मर्क्युरी व्हेपर दिवा याच्या निम्म्याच्या आसपास राहतो.

दुसरा गुण रंग. सोडियम व्हेपर दिवा विजेच्या बाबतीत मेटल हॅलाइडपेक्षाही काटकसरी आहे. म्हणूनच वर्षानुवर्षे रस्त्यांवर तो पिवळा उजेड राहिला. पण त्या उजेडात लाल, तपकिरी, करडा सारे एकाच मळकट छटेत दिसतात. रंग किती खरे दिसतात याला बाजारात सी.आर.आय. म्हणतात आणि तो शंभरपैकी मोजतात. नेहमीच्या सोडियम दिव्याचा सी.आर.आय. पंचविसाच्या आसपास, साध्या मेटल हॅलाइडचा ६५ च्या पुढे आणि चांगल्या सिरॅमिक दिव्याचा ८० ते ९० च्या घरात असतो. खाणीत लाल झेंडी लालच दिसली पाहिजे. कापड दुकानात गिऱ्हाइकाने निवडलेला शालू उन्हात नेल्यावर वेगळा दिसता कामा नये. रमजान-दिवाळीच्या गर्दीत रात्री खरेदी होते तेव्हा कापडवाल्याला या गुणाची किंमत कळते.

यात आणखी एक बारीक मुद्दा आहे. मंद उजेडात आपल्या डोळ्याची कड निळसर-पांढऱ्या प्रकाशाला अधिक लवकर प्रतिसाद देते. समोर पाहत असताना बाजूने कोणी आडवे आले तर ते पिवळ्यापेक्षा पांढऱ्या उजेडात लवकर जाणवते. डंपर चालविणाऱ्याला आणि रस्ता ओलांडणाऱ्याला हा फरक मोलाचा आहे.

तिसरा गुण असा की उजेडाचा उगम लहान असतो. बोटाएवढ्या जागेतून प्रचंड उजेड निघत असल्याने मागे योग्य परावर्तक लावून तो दूर आणि नेमका फेकता येतो. म्हणूनच मैदानांवर हा दिवा राजा ठरला. मुंबईच्या वानखेडे मैदानावर १९९६ च्या विश्वचषकात भारत-ऑस्ट्रेलिया सामना प्रकाशझोतात झाला. त्या पिढीतील क्रिकेटची प्रकाशव्यवस्था जगभर याच जातीच्या दिव्यांवर उभी होती, कारण दूरदर्शनच्या कॅमेऱ्याला चेंडूचा आणि गवताचा रंग खरा दिसावा लागतो.

आणि आता दोष

माल विकताना गुण सांगणे सोपे असते. पण गिऱ्हाईक टिकवायचे असेल तर दोषही आधी सांगावेत, असा आमचा आग्रह आहे.

वीज क्षणभर गेली की हा दिवा विझतो आणि वीज परत आली तरी तो लगेच पेटत नाही. गरम नळीत दाब इतका असतो की इग्नायटरच्या झटक्याने ठिणगी पडत नाही. नळी निवेपर्यंत पाच ते पंधरा मिनिटे थांबावे लागते. भारनियमनाचे दिवस ज्यांनी विदर्भात काढले त्यांना हे सांगायला नको. रात्रपाळीला वीज झपकली आणि खाणीचा एक भाग दहा मिनिटे अंधारात गेला, तर तेवढा वेळ काम थांबविण्याखेरीज गत्यंतर नसते. म्हणून अशा ठिकाणी सर्वच दिवे या एका जातीचे लावू नयेत. काही दिवे लगेच पेटणारे ठेवावेत.

दुसरा दोष वयाचा. साधारण सहा ते पंधरा हजार तास हा दिवा चालतो, पण म्हातारा होता होता त्याचा उजेड बराच उतरतो आणि रंगही हिरवट किंवा गुलाबीकडे झुकतो. एका खांबावरचे चार दिवे चार रंगांचे दिसतात ते यामुळेच.

तिसरा दोष धोक्याचा आहे. फार जुना झालेला दिवा पेटता असताना नळी फुटू शकते. चोवीस तास जळणाऱ्या दिव्यांत ही शक्यता वाढते. म्हणून अखंड चालणारा दिवा आठवड्यातून एकदा निदान पंधरा मिनिटे बंद ठेवावा. मरायला टेकलेला दिवा बहुधा बंद करून पुन्हा लावतानाच शांतपणे जातो. उघड्या फिटिंगमध्ये त्या प्रकारासाठी बनविलेला दिवाच लावावा. बाकीच्यांना पुढे काच असलेली बंद फिटिंगच हवी.

चौथी गोष्ट डोळ्यांची. आतल्या नळीतून अतिनील किरण निघतात आणि बाहेरचा फुगा ते अडवतो. फुगा फुटूनही काही दिवे आत जळत राहतात. अशा दिव्याखाली काम केल्यास वेल्डिंगचा 'डोळा लागतो' तसाच त्रास होतो. फुगा फुटलेला दिसला की दिवा ताबडतोब बंद करावा, उजेड चांगला येतो म्हणून चालू ठेवू नये.

एकटा बल्ब विकत घेऊ नका

मेटल हॅलाइड म्हणजे चार जणांचा संसार आहे. बल्ब, चोक, इग्नायटर आणि कपॅसिटर. आर्क एकदा पेटली की ती स्वतःहून जास्तीत जास्त वीज ओढू पाहते. तिला लगाम घालतो तो चोक. चोक नसेल तर दिवा क्षणात जळून जाईल. चोक स्वतःही तापतो आणि वीज खातो. म्हणून ४०० वॅटचा दिवा मीटरवर सुमारे ४४० वॅट दाखवितो.

कपॅसिटरला आमचे कारागीर कंडेन्सर म्हणतात. तो काढून टाकला तरी दिवा जळतो, आणि त्यामुळेच तो वाचविण्याचा मोह होतो. पण त्याच्याशिवाय पॉवर फॅक्टर निम्म्यावर येतो, तारांतून दुप्पट करंट वाहतो, तारा तापतात आणि मोठ्या ग्राहकाला बिलात भुर्दंड बसतो. स्वस्त ते नेहमीच स्वस्त नसते याचे हे रोकडे उदाहरण.

हे चारही एकमेकांना जुळणारे असावे लागतात. सोडियमच्या चोकवर हवा तो मेटल बल्ब चढविला तर तो कधी जळतो, कधी रंग बिघडवितो, कधी महिन्याभरात जातो. खोक्यावर दिवा उभा लावावा की आडवा हेही लिहिलेले असते. उभ्या जातीचा दिवा आडवा लावला तर आर्क वाकून नळीच्या वरच्या भिंतीला भाजते. काम करण्यापूर्वी पुरवठा तोडावा, कपॅसिटरमधील साठलेली वीज उतरवावी आणि इग्नायटर चालू असताना होल्डरला हात लावू नये. हाय मास्टवरचे दिवे दोरावर खाली उतरविता येतात, पण त्याचा विंच आणि पोलादी दोर तपासल्याशिवाय खाली माणूस उभा करू नये.

हिशोबाची वही

आता एल.ई.डी.कडे वळू. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने रस्त्यावरील दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि गावोगावचे सोडियम दिवे उतरू लागले. कोळसा कंपन्यांनीही ऊर्जाबचतीसाठी जुने दिवे बदलले. एल.ई.डी. लावताच पूर्ण उजेड देतो, वीज गेली-आली तरी थांबत नाही आणि त्यात पारा नाही. पण म्हणून प्रत्येक जुना दिवा आजच उपटून फेकावा काय? आम्ही दोन उदाहरणे मांडतो. विजेचा दर सोयीसाठी युनिटला दहा रुपये धरला आहे. प्रत्येकाने आपल्या बिलावरचा दर घालून पाहावा.

पहिले उदाहरण. एक ४०० वॅटचा मेटल दिवा रोज रात्री दहा तास जळतो. वर्षाचे ३,६५० तास. चोकसह ४४० वॅट धरले तर १,६०६ युनिट. त्याजागी २०० वॅटचा एल.ई.डी. लावला तर ७३० युनिट. फरक ८७६ युनिटचा, म्हणजे ८,७६० रुपये. शिवाय दहा हजार तासांचा बल्ब पावणेतीन वर्षांत बदलावा लागतो, त्याची मजुरी वेगळी. इथे बदल करणे शहाणपणाचे आहे, हे उघड आहे.

दुसरे उदाहरण. तोच दिवा एका सभागृहात वर्षाला फक्त शंभर तास जळतो. जुना ४४ युनिट खाईल, नवा २०. बचत २४ युनिट, म्हणजे २४० रुपये. इथे केवळ बचतीसाठी चालू स्थितीतील दिवा काढणाऱ्याची रक्कम वसूल व्हायला फार वर्षे लागतील. तो जळेपर्यंत वापरावा आणि मग बदलावा.

दोन्ही ठिकाणी दिवा तोच, खर्च मात्र वेगळा, कारण तास वेगळे. गिऱ्हाइकाला बल्बची किंमत सांगण्याआधी "किती तास जळतो?" हे विचारणारा दुकानदार त्याचा विश्वास मिळवितो.

४०० वॅटच्या जागी २०० वॅट कसे पुरतील, अशी शंका येईल. ४०० वॅटचा नवा मेटल दिवा सुमारे ३२,००० ल्युमेन देतो. पण वयाबरोबर त्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा कमी होतो. दिवा चहूकडे उजेड फेकतो, तो परावर्तकावरून वळविताना आणि काचेतून बाहेर येताना आणखी घट होते. एल.ई.डी. मुळातच एका बाजूला प्रकाश देतो, म्हणून २०० वॅटचा चांगला दिवा २५,००० ल्युमेनच्या आसपास देऊन त्याची बरोबरी करतो. मात्र 'चांगला' या शब्दावर भर द्यावा. वॅट पाहून एल.ई.डी. घेऊ नये, ल्युमेन पाहून घ्यावा.

खाणीत आणि रस्त्याच्या कामावर चाकांवरचे प्रकाश मनोरे वापरतात. त्यांवर एक-एक हजार वॅटचे चार मेटल दिवे आणि सोबत डिझेलचा जनरेटर ही जुनी ठरलेली जोडणी आहे. तिथे चार किलोवॅटच्या वर भार जातो. एल.ई.डी.ने तो एक-दीड किलोवॅटवर येतो, मग जनरेटरही लहान पुरतो आणि डिझेल वाचते. भाड्याने मनोरे देणाऱ्यांना हा बदल सर्वांत आधी फायद्याचा ठरतो.

चंद्रपूरचे ऊन आणि कोळशाची धूळ

एल.ई.डी. घेताना आपल्या मुलखाचा विचार करावा. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक. पारा ४५ अंशांच्या वर जाणे इथे नवलाचे नाही. मेटल हॅलाइडला बाहेरच्या उन्हाचे फारसे काही वाटत नाही, तो स्वतःच भट्टी आहे. एल.ई.डी. मात्र उष्णतेला हळवा आहे, आणि त्यातही त्याचा ड्रायव्हर. बहुतेक 'एल.ई.डी. गेला' म्हणतात तेव्हा दिवा शाबूत असतो, ड्रायव्हर गेलेला असतो. त्यात विजेचे झटके आणि पावसाळ्यातील वीज. म्हणून ड्रायव्हर किती तापमानाला चालतो, झटका सोसण्याची सोय आहे काय, फिटिंग धूळ-पाण्याला निदान आय.पी. ६५ दर्जाची आहे काय, बी.आय.एस. नोंदणी क्रमांक छापलेला आहे काय आणि हमी लेखी आहे काय, हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय माल उचलू नये. फिटिंगच्या मागच्या पात्यांत कोळशाची धूळ बसली की उष्णता बाहेर जात नाही, तेव्हा पुसण्याचा करार वेगळा करावा. तोही एक धंदाच आहे.

जुन्या होल्डरमध्येच बसणारे एल.ई.डी. बल्ब मिळतात. ते लावताना चोक आणि इग्नायटर जोडणीतून काढावेच लागतात, फक्त दिव्यावर तशी स्पष्ट सूचना असेल तरच ठेवावेत. तसे न केल्यास इग्नायटरचा पहिलाच झटका नव्या बल्बचा निकाल लावतो आणि दोष दुकानदाराच्या माथी येतो.

उतरलेल्या दिव्याचे काय करावे

आमच्या वाचकांत भंगाराचा व्यवसाय करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा भाग विशेष महत्त्वाचा. जुन्या चोकमध्ये तांब्याची तार असते, काहींत ॲल्युमिनियमची. फिटिंगचे ॲल्युमिनियम, पोलाद, तांब्याची वायर यांना भाव आहे. बल्बला मात्र भाव नाही आणि त्यात पारा आहे. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, पण ती श्वासावाटे शरीरात जाते आणि मेंदू-मज्जातंतूंना इजा करते. जपानमधील मिनामाता या गावात पाऱ्याने माणसे कशी उद्ध्वस्त केली हे जगाला ठाऊक आहे. त्याच गावाच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली.

म्हणून पितळी टोपीच्या चार पैशांसाठी बल्ब फोडू नयेत, मुलांकडून तर कधीच फोडवू नयेत. पारायुक्त दिवे २०१६ च्या ई-कचरा नियमांत समाविष्ट झाले होते. ते अखंड ठेवून, खोक्यात घालून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावेत. बल्ब फुटलाच तर दारे-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर जावे, झाडूने उडवू नये, ओल्या कागदाने टिपून बंद डब्यात ठेवावे. फार जुन्या कपॅसिटरमधील तेलही विषारी असू शकते, ते सांडू किंवा जाळू नये.

या धंद्यात तरुणांना वाव

बदलाच्या काळात दोन्ही जाणणाऱ्याला मागणी असते. जुना मेटल दिवा दुरुस्त करता येतो आणि नवा एल.ई.डी. मोजून बसविता येतो, असा वायरमन माजरी-भद्रावती-वणी या पट्ट्यात रिकामा बसणार नाही. आय.टी.आय.चा इलेक्ट्रिशियन कोर्स करावा, परवाना घ्यावा आणि उजेड मोजणारे लक्समीटर हे छोटे यंत्र विकत घ्यावे. गिऱ्हाइकाच्या जागेवर आधी मोजणी, मग कागदावर तासांचा आणि युनिटचा हिशोब, मग दरपत्रक. "साहेब, इथे बदल करा, इथे करू नका," असे जो लिहून देतो त्याच्याकडे काम परत येते. ठेका घेताना बल्बचा दर वेगळा आणि देखभालीचा दर वेगळा मांडावा, म्हणजे नंतर तक्रारीला जागा उरत नाही.

दुकानदारांनी मेटल हॅलाइडचा फार साठा करू नये, पण चालू फिटिंगांसाठी चोक, इग्नायटर आणि थोडे बल्ब जरूर ठेवावेत. सुटे भाग मिळेनासे होतात तेव्हा ज्याच्याकडे ते असतात त्याच्या दारी गिऱ्हाईक येते. आणि विकताना प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. उजेड कशासाठी हवा? रोज किती तास? खाली काम करणारी माणसे कोण? पहिल्या उत्तरातून रंग ठरतो, दुसऱ्यातून खर्च, आणि तिसऱ्यातून कळते की कुठे काटकसर अजिबात करायची नाही.